मावशींच्या खिडकीतला खांब

मामा शिडी चढताना प्रत्येक पायरीला शिवी देत. उतरताना गप्प असत.

चहा आधी बशीत ओतत आणि मग कपात उरलेला पीत. बशीतला तसाच गार होई. विचारलं तर म्हणत, "तो नंतर."

कुठल्याही दारातून आत जाताना वाकत. उंची पाच फूट दोन इंच. चाळीस वर्षं डोक्याच्या वर लोखंडी नळ्या असल्याचा परिणाम.

फोन आला की उभे राहत, मग तो चुकून लागलेला का असेना.

खिशात कायम पाना. स्वतःच्या लग्नाच्या फोटोतही कोटाचा एक खिसा लोंबतो आहे.

नवा माणूस भेटला की नावाआधी वजन विचारत. बायकांनाही. त्यामुळे त्यांच्या ओळखी दोनच प्रकारच्या होत्या, जन्मभराच्या किंवा अर्ध्या मिनिटाच्या.

आणि ज्या घराचं काम करत, ते घर रस्त्याच्या पलीकडे उभं राहून कधीही बघत नसत.

हे सगळं 'असत' आणि 'नसत' करून लिहिताना मला अजून सवय झालेली नाही. तीन आठवडे झाले फक्त.

मामा परांची बांधत. इमारतीची दुरुस्ती करायची असली की बाहेरून नळ्यांचा आणि फळ्यांचा सांगाडा उभा करतात, ती परांची. गवंडी, रंगारी, नक्षीकाम करणारे हे सगळे नंतर येतात. परांचीवाला सगळ्यांच्या आधी येतो आणि सगळ्यांच्या नंतर जातो. अख्खा मोहल्ला त्यांना मामा म्हणे. सख्खा भाचा-भाची म्हणून एकच होती, आणि ती त्यांना नावानं हाक मारी.

मी या शहरात चार दिवसांसाठी आले होते. हातात साहित्याची पदवी असली आणि नोकरी नसली की माणूस प्रवास करतो. शहराच्या जुन्या भागात शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीची घरं आहेत. तेव्हा शतक उलटत होतं आणि इथल्या घरं बांधणाऱ्यांना एकाएकी सरळ रेषेचा कंटाळा आला. पंधरा वर्षं त्यांनी एकही सरळ रेघ मारली नाही. जिन्यांना वळसे, कठड्यांना लोखंडी वेली, दारांना पाकळ्या, सज्जांना पोट. भिंतींवर केस मोकळे सोडलेल्या चुन्याच्या बायका. मग हौस फिटली आणि लोक पुन्हा चौकोनी घरं बांधू लागले. मी बघायला आले होते ती ही पंधरा वर्षं.

माझ्याकडच्या मार्गदर्शक पुस्तकात एका कोपऱ्यावरच्या घराला पाच चांदण्या होत्या. त्याच्या पहिल्या मजल्यावर एक खिडकी आहे. तिच्या दोन्ही झडपा पूर्ण उघडल्या की त्यावरची नक्षी जुळते आणि भिंतीवर एक भलामोठा चतुर किडा पंख पसरून बसल्यासारखा दिसतो. मी या एका खिडकीसाठी सोळा तास गाडीत बसले होते.

घर सापडलं. ते खालपासून वरपर्यंत हिरव्या जाळीत गुंडाळलेलं होतं. जाळीच्या पायथ्याशी एक बुटका माणूस उलट्या बादलीवर बसून सफरचंद सोलत होता.

"हे कधी काढणार?" मी विचारलं.

"काय?"

"ही परांची."

"सहा वर्षं झाली. तुमची गाडी आजचीच आहे का?"

"मी इतक्या लांबून हे घर बघायला आले हो."

"मग बघा की. आत आहे ते. पळून गेलेलं नाही." त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "वजन किती?"

मी इतकी चक्रावले की खरं सांगितलं.

"चालेल," म्हणाले. "फळी काही बोलणार नाही."

डोक्यावर शिरस्त्राण चढवून त्यांनी मला शिडीवर घातलं. चौथ्या टप्प्यावर जाळी बाजूला सारली आणि माझ्या नाकासमोर एक कान आला. चुन्याचा, माझ्या तळहाताएवढा, पाळी तुटलेली. मग गाल. मग वाहत गेलेले केस. केसांत कबुतराचं घरटं.

मी पुस्तक उघडलं. "ही पहाट आहे. त्या काळी दिवसाचे प्रहर स्त्रियांच्या रूपात..."

"पहाट?" मामांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "ही? तोंड बघा तिचं. सकाळपासून नळाला पाणी नाही असं तोंड आहे."

मी पुन्हा पाहिलं. तसंच होतं. मला ती आता कधीही पहाट दिसणार नाही.

"तुम्ही शिकला काय?" त्यांनी विचारलं.

"साहित्य."

"त्यात काय करतात?"

"वाचतात."

"आणि?"

"मग त्यावर लिहितात."

"म्हणजे परांची," ते म्हणाले. "घर दुसऱ्याचंच."

चार दिवसांचे सात महिने झाले. अनुवादाची कामं कुठं बसूनही करता येतात, हे निमित्त मी घरी सांगितलं. खरं म्हणजे शहर बघून संपेना. मामांनी मला अकरा घरं दाखवली, सगळी आपापल्या परांच्यांवरून, वीतभर अंतरावरून. घरी पाठवलेल्या माझ्या फोटोंत एकही अख्खं घर नव्हतं. नाकपुड्या होत्या, हनुवट्या होत्या, वेलीचं एक टोक, घुबडाचा एक डोळा. धाकट्या भावानं कळवलं, "तू शहर बघायला गेलीस की दातांच्या डॉक्टरकडे?"

मामांच्या थोरल्या बहिणीची ओळख त्या पहिल्याच दिवशी झाली. आम्ही उतरत होतो. पहिल्या मजल्यापाशी एक खिडकी होती, झडपा जेमतेम वीतभर उघडलेल्या. त्या फटीतून एक हात बाहेर आला. हातात बशी, बशीत कप.

"कोण आहे रे तिथं?" आतून आवाज आला. "जाळ्यात आणखी कोण सापडलं?"

"ताई, पाहुणी आहे. पुस्तकवाली," मामा म्हणाले.

"मग तिला दे आधी. तू काय, बशीत ओतून वाया घालवणार."

मी कप घेतला आणि खिडकीकडे पाहिलं. झडपांवर लोखंडात कोरलेली जाळीदार नक्षी होती, बारीक शिरांची. ही तीच खिडकी. माझा पाच चांदण्यांचा चतुर. आणि त्याच्या बरोबर मधोमध परांचीचा एक जाडजूड उभा खांब. झडपा बाहेर उघडणाऱ्या. वीतभर येत आणि खांबावर आपटत.

"बघितलंस?" आतून आवाज आला. "माझ्या सख्ख्या भावानं रोवलाय. परका असता तर पोलिसांत गेले असते."

मला आत बोलावलं गेलं. मी काय हाक मारावी ते कळेना. त्यांनीच सोडवलं. "तो मामा तर मी मावशी. मधली तुझी आई कुठली, ते तुझं तू बघ."

मावशी टपाल खात्यात पत्रं निवडण्याच्या टेबलावर तेहतीस वर्षं होत्या. मामांपेक्षा अकरा वर्षांनी मोठ्या. गुडघे गेल्यापासून त्यांचं बाहेर जाणं म्हणजे ती खिडकी. खुर्ची तिच्याशी लावलेली, हाताशी चष्मा, बाजूला स्टूल. सहा वर्षं त्या खुर्चीतून वीतभर रस्ता आणि एक खांब दिसत होता.

"माणसं येतात ती उभी चिरल्यासारखी येतात," त्या म्हणाल्या. "कालच अर्धा टपालवाला गेला. आणि हे ऊन बघ. सहा वर्षं हिरवं ऊन. भाजीसुद्धा इतकी हिरव्यात ठेवत नाहीत."

खांब तिथं आला कसा, ते मला दोघांनी वेगवेगळं सांगितलं. मामा म्हणत, चूक त्या घर बांधणाऱ्याची. कुठल्याही सभ्य घरात खालच्या दारावर वरची खिडकी असते. खांब दाराच्या कडेला लावला की वरही खिडकीच्या कडेलाच येतो. चाळीस वर्षांत कधी चुकलं नाही. पण या घराच्या माणसानं प्रत्येक मजल्यावर खिडकी हातभर सरकवून ठेवली आहे, वाऱ्यानं पडदा हलावा तशी. खाली दाराच्या कडेला लावलेला खांब वर थेट ताईच्या खिडकीच्या पोटात निघाला.

"रस्त्याच्या पलीकडून एकदा बघितलं असतं तर लहान पोरालाही दिसलं असतं," मावशी म्हणत.

हेच तर होतं. मामा पलीकडून बघत नसत. त्यांच्या धंद्यात कुणीच बघत नाही. नळ्या गाडीत भरायच्या आणि मागे वळून न बघता निघायचं, ही जुनी रीत.

"का?" मी एकदा विचारलं.

"बघितलं की काहीतरी राहिलेलं दिसतं," ते म्हणाले. "मग परत चढावं लागतं."

ती चूक त्यांना पहिल्या मजल्यावर पोचताच कळली होती. पण काम दोन महिन्यांचं, ताई तेवढं सोसेल, असं म्हणून ते वर चढत गेले. मग घराच्या मालकांत वाद झाला. काम थांबलं. निकाल लागेपर्यंत परांचीला हात लावायचा नाही, असा कागद आला. दोन महिन्यांची सहा वर्षं झाली. मधला एक खांब काढायचा तर वरचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा. मामांनी कानाला खडा लावला. पण तोवर कान ताईच्या हातात गेला होता.

ते रोज दुपारी तिच्याकडे जेवायला जात. रोज तिचं ऐकून घेत. एकदाही स्वतःची बाजू मांडली नाही, माझ्यापाशी सोडून.

गेल्या महिन्याच्या सुरुवातीला दोन गोष्टी झाल्या. मालकांचं जमलं आणि परांची उतरवायचा कागद आला. आणि मावशींच्या मुलीचा फोन आला, की आईला आता एकटं ठेवायचं नाही, महिनाअखेरीला येते आणि घेऊन जाते. कायमचं. घर रिकामं करून.

मावशींनी फोन ठेवला आणि मामांना बोलावलं. मी तिथंच होते.

"मी जाईन," त्या म्हणाल्या. "भांडणार नाही. पण एकदा ही खिडकी पूर्ण उघडायची. एकदा. मग मला खुर्चीसकट न्या."

"उघडेल की," मामा म्हणाले. "चोवीस दिवस आहेत."

"सहा वर्षांपूर्वी साठ होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी काम सुरू केलं. सोबत त्यांचा जुना जोडीदार. तो प्रत्येक वाक्याची सुरुवात 'बरं का' अशी करी, म्हणून त्याचं नाव बरंका. परांची सहा टप्प्यांची. सहावा आधी, मग पाचवा. मावशींचा पहिला, म्हणजे सगळ्यात शेवटी.

"वरून खाली कशाला?" मावशी फटीतून ओरडत. "खालून वर काढ ना! माझा आधी!"

"ताई, खालून काढली तर वरचा मी तुझ्या मांडीवर."

"ये. लहानपणी होतासच की. तेव्हाही ऐकत नव्हतास."

बरंका हसून हसून फळी धरून बसे. रस्त्यावरचे लोक थांबून ऐकत. सहा वर्षांनी घराचं डोकं जाळीतून बाहेर आलं होतं, पण लोकांचं लक्ष त्या फटीकडे.

काम हळू चाललं होतं. जुना चुना पिकल्या फळासारखा झाला होता. नळी जरा आपटली की पाकळी गळून पडे. मामा प्रत्येक नळी लहान मूल झोपेतून उचलावं तशी उचलत. मग वारा सुटला आणि तीन दिवस गेले. मग गाडी नाही म्हणून एक. मावशी कॅलेंडरवर रोज फुली मारत आणि कॅलेंडर मामांच्या पानासमोर ठेवत. मीठ-मिरपूड ठेवावी तसं.

"तुमचा नियम तरी किती पाळता?" मी त्यांना एकदा बाजूला घेऊन म्हटलं. "एक खांबच तर आहे."

ते रागावले. माझ्यावर पहिल्यांदाच. "पुस्तकात एखादं पान आधी वाचलं तर काय होतं?"

"काही नाही."

"म्हणून तुम्ही पुस्तकवाल्या. इथं माणूस मरतो. वरून खाली. देव आला तरी वरून खाली."

त्यानंतर मी हा विषय काढला नाही.

त्या मंगळवारी चार टप्पे उतरले होते. दोन उरले. महिना संपायला सहा दिवस. चौथ्या टप्प्यावरची ती पाणी न आलेली बाई आता उघड्यावर ऊन खात होती. मामा खूश दिसत होते, आणि ते लपवत होते. मावशींनी तीनदा हाक मारल्यावर जेवायला आले. माझं पान आधीच वाढलेलं होतं. त्यांनी दोनदा वाढून घेतलं. मग खिडकीशेजारच्या त्या खुर्चीत बसले, बूट काढून.

"पाच मिनिटं," म्हणाले.

मावशी स्वयंपाकघरात भिंत धरून ताटं विसळत होत्या. तिथून बोलत होत्या.

"पाच झाली. ऊठ... दहा झाली. तुझी पाच मिनिटंही तुझ्या दोन महिन्यांसारखीच... ए. बरंका खाली वाट बघतोय. पगार झोपेचा घेतोस का?"

मी हसत होते. मी चांगली पंधरा मिनिटं हसत होते. त्यांचं तोंड खिडकीकडे होतं. मला वाटलं, ते मुद्दाम ऐकत नाहीत. ती त्यांची नेहमीची युक्ती होती.

मावशी हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी एकदा पाहिलं आणि बोलणं थांबवलं. त्यांना बोलणं थांबवताना मी प्रथमच पाहिलं.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. मी साहित्य शिकले आहे. माणसं मरतात ती पानं मी परीक्षेसाठी पाठ केली होती. त्यांत कुठंही बूट काढून ठेवलेले नव्हते.

मावशींची मुलगी आली. मामांना नावानं हाक मारणारी भाची तीच. तिनं सगळं केलं. मग आईची पेटी काढली.

मधल्या काळात बांधकाम परवान्यांच्या कचेरीतून दोन माणसं येऊन परांचीला लाल पट्टी बांधून गेली. ज्याच्या नावावर परांची, तो माणूस राहिला नाही. नवा परवानेवाला नेमेपर्यंत कुणीही हात लावू नये. किती दिवस लागतील? ते सांगता येत नाही.

"बरं का, मला येतं हो सगळं," बरंका म्हणाला. "पण कागद त्यांच्या नावाचा."

शनिवारी तो आपली हत्यारं न्यायला आला. मी खाली उभी होते. तो पट्टीखालून वाकून आत गेला, आणि मग बराच वेळ बाहेर आला नाही.

"इकडे या," म्हणाला. "बरं का, हे बघा."

मावशींच्या खिडकीतल्या त्या खांबाच्या दोन्ही बाजूंना, जाळीच्या आड, दोन नव्या नळ्या उभ्या होत्या. तिरप्या, वरच्या फळीला जाऊन भिडलेल्या. मला त्यात काही कळलं नाही.

"टेकू," बरंका म्हणाला. "वरचं ओझं या दोघांवर घेतलं की मधला खांब मोकळा होतो. दोन टप्पे उरले असताना जमू शकतं. जमू शकतं, असं. नियमात नाही. चाळीस वर्षांत त्यांनी मला हे कधी करू दिलं नाही. आणि मला न सांगता उभं केलंय. मी चहाला जायचो तेव्हा केलं असणार."

"म्हणजे?"

"म्हणजे बुधवारी खांब निघाला असता. खिडकी उघडली असती. खालचे दोन टप्पे जागच्या जागी ठेवून."

मी वर गेले. मावशी खुर्चीत होत्या, त्याच. मी सांगितलं. त्यांनी फटीतून डावीकडे पाहिलं, मग उजवीकडे. चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिलं.

"जन्मात पहिल्यांदा थोरल्या बहिणीचं ऐकलं," त्या म्हणाल्या. "आणि तेही अर्धं."

मुलगी दारात पेटीला कुलूप लावत होती.

"कुलूप काढ ग," मावशी म्हणाल्या. "मी येत नाही."

"आई, गाडीची वेळ झाली. आपलं ठरलं होतं."

"खिडकी उघडल्यावर जायचं ठरलं होतं. उघडली का?"

"तो गेला आता! कोण उघडणार?"

"ते कचेरीवाले बघतील. रोज एक पत्र टाकीन. पत्रांचं मला कळतं." मग थोड्या वेळानं, "त्यानं सहा वर्षं लावली म्हणून काय झालं? मी काय त्याच्यासारखी अर्धवट टाकून जाणार आहे?"

मुलगी तीन दिवस राहिली, चिडली, रडली आणि एकटीच गेली. कचेरीला आजवर अकरा पत्रं गेली आहेत. टपालपेटीत टाकायला मीच जाते. उत्तर नाही.

मी काल पट्टीखालून वाकून आत गेले होते. बरंकानं मला दाखवलं होतं तसं पाहिलं. डावा टेकू पक्का आहे, नट पान्यानं घट्ट आवळलेले. उजव्या टेकूला दोन नट आहेत. वरचा नुसता हातानं बसवलेला, बोटानं फिरतो. खालचा अर्ध्या आट्यांपर्यंत गेला आहे आणि तिथं थांबला आहे, जेवायला हाक आली म्हणून सोडावा तसा.